पंडिता रमाबाईंचा ‘गर्व’ : एका पत्रव्यवहाराचे वाचन

महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली पंडिता रमाबाईंचा इंग्रजी पत्रव्यवहार ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. पत्रांचे संकलन इंग्लंडमधल्या वाँटेज येथील सेंट मेरी संघाच्या सिस्टर जेराल्डिन यांचे, तर संपादन अ. भि. शहा यांचे. तेव्हापासून हा ग्रंथ रमाबाईंच्या अभ्यासकांच्या हाताशी असतो. साम्राज्याचा ताठा, चर्चमधली पुरुषसत्ता, धर्मांतरितांची कोंडी अशा विषयांवर लिहिणाऱ्यांना त्यातले उतारे उपयोगी पडतात, आणि पडावेतही. मात्र या पत्रांत ज्या शब्दावरून खरी खडाजंगी होते तो शब्द ना साम्राज्याचा आहे, ना स्त्रीवादाचा. तो ख्रिस्ती धर्मजीवनाचा आहे, आणि तो शब्द म्हणजे गर्व. रमाबाई गर्विष्ठ आहेत, त्यांच्यात लीनता नाही, ही तक्रार निरनिराळ्या निमित्तांनी पुन्हा पुन्हा येते. रमाबाई दर वेळी तिला उत्तर देतात. ही तक्रार आणि ही उत्तरे धर्माच्याच भाषेत तपासून पाहावीत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

सुरुवात अगदी घरगुती गोष्टीपासून करता येते. रमाबाई शाकाहारी होत्या आणि बाप्तिस्म्यानंतरही शाकाहारीच राहिल्या. अंडे घातलेले पुडिंगही त्यांना चालत नसे. ख्रिस्ती झाल्यावरही हा विधिनिषेध उरला म्हणजे जातीचा अभिमान अजून गेलेला नाही, असा जेराल्डिनबाईंचा निष्कर्ष. रमाबाईंचे उत्तर मोठे मासलेवाईक आहे. तुम्ही ज्याला जातीचे पूर्वग्रह म्हणता त्यांतून मी पुरती सुटलेली नसेन, हे त्या आधीच मान्य करून टाकतात. मग विचारतात, एखादी इंग्रज बाई हिंदूंमध्ये राहायला आली आणि शेजाऱ्यांना ज्यांचा काही उपद्रव नाही अशा आपल्या चालीरीती तिने सोडल्या नाहीत, तर तिला कोणी गर्विष्ठ म्हटलेले तिला आवडेल का?

या वादानंतर पाचेक वर्षांनी, १८९० साली, पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून रानडे, टिळक प्रभृतींवर बहिष्काराचे प्रकरण ओढवले, हे वाचकांना आठवत असेलच. पुण्यात चहा प्याल्याबद्दल प्रायश्चित्त आणि वाँटेजला पुडिंग न खाल्ल्याबद्दल गर्वाचा ठपका! दोन्हीकडे ताटावरून आत्म्याची परीक्षा चाललेली. हा योगायोग गमतीचा वाटला, तरी रमाबाईंनी ज्यावर बोट ठेवले ते गमतीचे नाही. एकच वर्तन एकाच्या बाबतीत ‘चालीरीत’ ठरते आणि दुसरीच्या बाबतीत ‘गर्व’. नाव बदलते ते पाहणारा कुठे उभा आहे त्यावरून.

थोडी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. १८५८ साली जन्मलेल्या रमाबाईंनी वयाच्या पंचविशीपर्यंत जे भोगले ते एरवी तीन आयुष्यांना पुरले असते. आईवडील आणि थोरली बहीण दुष्काळात गेली. भावाबरोबर पायी देश पालथा घातला. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वत्सभेने ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. मग भाऊ गेला. जातीबाहेरच्या बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झाले आणि दीड-पावणेदोन वर्षांतच वैधव्य आले. पदरी मनोरमा. १८८२ मध्ये पुण्याला येऊन आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे साक्ष दिली आणि १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. पुण्यात काम करणाऱ्या वाँटेजच्या भगिनींमुळे तिथल्या मठात राहण्याची सोय झाली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला. पुढे रमाबाई चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकू आणि शिकवू लागल्या. तिथल्या प्राचार्या डोरोथिया बील याही या पत्रव्यवहारात आहेत. सिस्टर जेराल्डिन या रमाबाईंच्या धर्ममाता. छोट्या मनोरमेची तर त्या ‘आजीबाई’ झाल्या, आणि रमाबाईही पत्रांत त्यांना याच नावाने हाक मारतात. एका बाजूला ही आजीबाईची माया आणि दुसऱ्या बाजूला धर्मगुरूंच्या वतीने दिलेली समज, अशा दोन सुरांत ही पत्रे चालतात. ती वाचनीय होतात ती यामुळेच.

रमाबाई ख्रिस्ताकडे कशामुळे ओढल्या गेल्या, हे त्यांनी १९०७ मधल्या आपल्या साक्षीत सांगितले आहे. वाँटेजच्या भगिनींनी त्यांना काही दिवस लंडनमध्ये फुलहॅम येथे, वाममार्गाला लागलेल्या स्त्रियांसाठी चालवलेल्या आश्रमात पाठवले होते. समाजाने टाकलेल्या या बायकांना या कुलीन भगिनी हातांनी सावरतात, त्यांच्याशी ममतेने वागतात, हे पाहून रमाबाई थक्क झाल्या. असे तुम्ही का करता, असे त्यांनी विचारले, तेव्हा एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवली. रमाबाईंच्या सांगण्यानुसार त्यांच्या मनाचा कल तिथे ठरला.

ही घटना चरित्रकार सांगतात आणि पुढे जातात. मला ती साऱ्या वादाची किल्ली वाटते. रमाबाईंनी ख्रिस्ती लीनता प्रथम पाहिली ती फुलहॅमला, आणि ती वरून खाली वाकलेली होती. प्रतिष्ठित बाई अप्रतिष्ठित बाईपुढे वाकत होती. वाँटेजला त्यांच्याकडे मागितली गेली ती लीनता मात्र खालून वर पाहणारी होती. धर्मांतरिताने धर्मगुरूपुढे, हिंदी बाईने इंग्रज बिशपपुढे, शिष्येने गुरूपुढे वाकावे अशी. दोन्हींना नाव एकच. भगिनींना त्यांत काही अंतर वाटत नव्हते. रमाबाईंना ते वाटले, आणि एकदा दिसल्यावर त्यांनी ते झाकून ठेवले नाही.

भगिनींवर अन्याय होऊ नये म्हणून परंपरेकडे वळू. ख्रिस्ती विचारात गर्वाला पापांचे मूळ मानण्याची चाल फार जुनी आहे. ऑगस्टीनने ‘ईश्वरी नगरी’त मानवाच्या पतनाचा आरंभ गर्वात पाहिला. आधी मनात देवाच्या जागी स्वतःला बसवले आणि मग हात फळाकडे गेला, असा त्याचा क्रम. पोप ग्रेगरीने गर्वाला सर्व दुर्गुणांच्या वर राणीसारखे बसवले. पाश्चात्त्य मठजीवनावर ज्याची छाप सर्वांत खोल आहे त्या बेनेडिक्टच्या नियमग्रंथात सातवा अध्याय लीनतेच्या बारा पायऱ्यांचा आहे, आणि त्यातली तिसरी पायरी म्हणजे देवावरील प्रीतीस्तव वडीलधाऱ्याच्या पूर्ण आज्ञेत राहणे. तेव्हा आज्ञापालनातून लीनता येते ही जेराल्डिनबाईंच्या पदरची कल्पना नव्हे. व्रतस्थ जीवनाची ती पायाभूत समजूत आहे, आणि त्या स्वतः ती समजूत जगत होत्या.

परंतु त्याच परंपरेत दोन गोष्टी आणखी आहेत. मठातले आज्ञापालन स्वेच्छेने घेतलेल्या व्रतावर उभे असते. रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला होता, व्रत घेतले नव्हते, आणि त्या मठाच्या सदस्य नव्हत्या. दुसरे म्हणजे, बेनेडिक्टच्याच नियमात मठाधिपतीने पाहुण्यांचे पाय धुवावेत असे सांगितले आहे. ही गोष्ट योहानाच्या तेराव्या अध्यायापर्यंत मागे जाते, जिथे गुरू शिष्यांचे पाय धुतो. पौलाने फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात ख्रिस्ताने स्वतःला ‘रिक्त’ केले असे म्हटले आहे. रिक्त कोण होऊ शकतो? ज्याच्यापाशी भरलेले काही आहे तो. थोडक्यात, ख्रिस्ती लीनतेचा मूळ नमुना सत्ता असलेल्याने सत्ता खाली ठेवण्याचा आहे. आज्ञापालनाची पायरी त्या नमुन्याच्या पोटात येते. ती त्याच्या जागी येऊ शकत नाही.

मराठी वाचकाला हा फरक आपल्या शब्दांतूनही जाणवेल. इंग्रजीतला एकच शब्द आपल्याकडे गर्व, अहंकार, ताठा, अभिमान, स्वाभिमान असा विखुरतो. यांतला ‘ताठा’ सासूच्या तोंडी सुनेबद्दल येतो आणि ‘स्वाभिमान’ सभेत पुढाऱ्याच्या तोंडी स्वतःबद्दल. नम्रतेच्या बाजूला विनय, लीनता आणि दीनता आहेत. विनय विद्येला शोभतो. दीनता परिस्थिती लादते. लीन होण्यात मात्र कशात तरी विरून जाण्याचा भाव आहे. वारीत लहानथोर एकमेकांच्या पाया पडतात त्यात हा भाव स्पष्ट दिसतो, कारण तिथे वाकणे दोन्ही बाजूंचे असते. रमाबाईंचा वारकऱ्यांशी संबंध जोडण्याचा मोह मी टाळतो, त्यांचे घराणे पुराणिकांचे होते. परंतु दीनता आणि लीनता यांतला फरक ज्या भाषेत रोज कानावर पडतो, त्या भाषेत वावरलेल्या बाईला वाँटेजची मागणी कुठे खटकली असेल याचा अंदाज बांधता येतो.

आता पत्रांकडे. भगिनींच्या क्रुसावर लॅटिन शब्द कोरलेले असत. हिंदी ख्रिस्ती स्त्रियांच्या क्रुसावर संस्कृत शब्द असावेत, असे रमाबाईंचे म्हणणे. त्यावर नापसंती आली तेव्हा त्यांनी विचारले, लॅटिनमध्ये आमच्या जुन्या संस्कृतपेक्षा काही अधिक चांगले आहे का? की ब्राह्मणांना संस्कृतबद्दल जे वाटते तेच तुम्हाला लॅटिनबद्दल वाटते? संस्कृत ही देवांची वाणी किंवा पवित्र भाषा म्हणून आपण तिचा हट्ट धरलेला नाही, ती आपल्या मायदेशाची सुंदर व प्राचीन भाषा आहे म्हणून धरला आहे, असेही त्या बजावतात. हा टोला बसण्यासारखा आहे. ज्या बाईने शास्त्री-पंडितांची मक्तेदारी स्वतःच्या विद्येने मोडली, तिला दुसऱ्या धर्मातली भाषिक सोवळे-ओवळ्याची खूण ओळखायला वेळ लागला नाही.

पुरुषांना शिकवण्याचे प्रकरण अधिक गंभीर आहे. चेल्टनहॅमला रमाबाईंनी तरुण पुरुषांनाही शिकवावे अशी कल्पना निघाली. मठातून विरोध झाला. मुंबई आणि लाहोरच्या बिशपांचे मत पडले की हे हिंदुस्थानात कळले तर रमाबाईंची तिथली पत जाईल. हिंदू समाजाला धक्का बसू नये याची काळजी दोन बिशप वाहत आहेत आणि त्या समाजाने वाळीत टाकलेल्या शास्त्र्याची मुलगी त्यांना सांगते आहे की माझ्या वडिलांनी आणि नवऱ्याने बायकांनी तरुणांना शिकवण्याला कधी हरकत घेतली नाही, मग ती इंग्रजांनी का घ्यावी! पत्रव्यवहारातले हे सर्वांत उपरोधिक स्थळ आहे. रमाबाईंच्या लेखी इथे प्रश्न नोकरीचा उरत नाही. आपल्याविषयीचा निर्णय आपल्या पाठीमागे घेतला जातो, हे त्यांना बोचते.

मे १८८५ मधल्या पत्रांत हा सल अखेर सिद्धान्ताच्या रूपाने बाहेर येतो. आशय असा की, मी ख्रिस्ताच्या मंडळीची सदस्य आहे, पण पाद्री किंवा बिशप यांच्या मुखातून येणारा प्रत्येक शब्द मानायला मी बांधलेली नाही. मोठ्या कष्टाने मी हिंदी पुरोहितवर्गाचे जू मानेवरून उतरवले आहे, लगेच तसलेच दुसरे जू घ्यायची माझी तयारी नाही. देवाच्या वचनाची आज्ञा वेगळी आणि माणसाची वेगळी. मला विवेकबुद्धी आहे, मन आहे, स्वतःचा निर्णय आहे.

हे वाक्य स्त्रीवादी लेखनात बंडाचे निशाण म्हणून फडकते. त्यात खोटे काही नाही. मात्र आज्ञा कोणाची मानायची हा भाग गाळला तर ते अर्धेच उरते. रमाबाई आज्ञापालन नाकारत नाहीत. आज्ञा देणाऱ्याच्या जागी कोण बसू शकतो, एवढेच त्या ठरवून देतात. ऑगस्टीनच्या व्याख्येत गर्व म्हणजे देवाच्या जागी स्वतःला बसवणे. रमाबाईंचे म्हणणे असे की तुम्ही तिथे बिशपला बसवता आहात. मग गर्वाचा आरोप नेमका कोणावर यावा? या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मला ग्रंथात कुठे सापडले नाही. जेराल्डिनबाई दर वेळी रमाबाईंच्या स्वभावाकडे वळतात. बीलबाईंचा सूर निराळा आहे. हिच्या मनातल्या शंका तत्त्वज्ञानाच्या आहेत, त्या तिला तशाच सोडवू द्याव्यात, दामटू नये, असे त्यांचे धोरण. शिक्षिकेला जे उमगले ते धर्ममातेला उमगले नाही, असे म्हणावे लागते.

तरीही जेराल्डिनबाईंचे म्हणणे सर्वस्वी झटकून टाकणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. रमाबाई वादपटू होत्या. लहानपणापासून सभा जिंकायची सवय असलेल्या माणसाला प्रतिपक्षाची कोंडी झाल्यावर जो आनंद होतो, तो या पत्रांत लपत नाही. सुस्तुतीचे वारे त्यांच्या कानांत शिरले होते, हा भगिनींचा तर्क अगदीच निराधार म्हणता येत नाही. कलकत्त्याची पदवी त्यांनी आयुष्यभर नावापुढे ठेवली. शाकाहाराच्या वादातही ब्राह्मणी वळणाचा काही अंश उरला असेल, हे त्यांनी स्वतःच कबूल केले आहे. शिवाय जेराल्डिनबाईंनी मनोरमेला ज्या मायेने सांभाळले, आई अमेरिकेत असताना तिची काळजी वाहिली, त्या मायेचे ऋण होतेच. मात्र गर्वाचा अंश असणे ही एक गोष्ट, आणि मतभेदाला गर्व हे नाव देऊन तो निकालात काढणे ही दुसरी. रोगाचे निदान करणारा वैद्यच वादातला पक्षकार असेल तर निदानावर कितपत विसंबायचे?

या पत्रांचे पुढे काय झाले, हे समीक्षेच्या इतिहासात पाहण्यासारखे आहे. मिशनरी परंपरेतले चरित्रकार १८८५ ची कडवट पत्रे बाजूला सारून १८९१ पासून ‘खऱ्या’ रमाबाई सुरू करतात. देवदत्त नारायण टिळकांनी १९६० साली लिहिलेले मराठी चरित्र आदराने ओथंबलेले आहे. उलट नव्वदच्या दशकानंतर उमा चक्रवर्ती, गौरी विश्वनाथन, मीरा कोसंबी यांच्या अभ्यासांनी १८८५ च्या रमाबाई आपल्याला परत मिळवून दिल्या. हे काम मोलाचे आहे. पण या अभ्यासांचा प्रभाव घेऊन लिहिणाऱ्या अनेकांची लेखणी १८९१ पाशी अडखळते. बंडखोर विदुषी अखेर भाविक झाली, शरण गेली, असा काहीसा हळहळीचा स्वर लागतो.

१८९१ मध्ये घडले काय? विल्यम हॅस्लम या इंग्रज पाद्र्याचे आत्मचरित्र रमाबाईंच्या वाचनात आले. आपण पाद्री असूनही अंतर्यामी ख्रिस्ती नव्हतो, असे त्यात हॅस्लम सांगतो. रमाबाईंना ते स्वतःला लागू वाटले. बाप्तिस्म्याला आठ वर्षे होऊनही आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असा निर्वाळा त्यांनी पुढे साक्षीत दिला. आपली विद्या, आपले सत्कर्म, आपली सुधारणा यांपैकी काहीच देवापुढे तारण म्हणून पुढे करता येत नाही, हे त्यांनी मानले. गर्वाचा एवढा निःशेष त्याग जेराल्डिनबाईंनीही मागितला नसता.

पण हा त्याग कोणापुढे झाला हे पाहा. मध्ये बिशप नाही, मठ नाही, पाद्री नाही. एक पुस्तक आणि एक बाई. १८८५ मध्ये त्यांनी जी जागा मोकळी ठेवण्याचा आग्रह धरला होता, तिथेच १८९१ मध्ये त्या वाकल्या. म्हणून मला ही दोन वर्षे परस्परविरोधी वाटत नाहीत. आधीचा नकार नसता तर नंतरची शरणागती आज्ञापालनाचीच एक पायरी ठरली असती.

याला पुरावा म्हणून १८९७ चे प्रकरण घेता येईल. पुण्यात प्लेग होता. सरकारी व्यवस्थेत आपल्या आश्रमातल्या मुलीची जी दुर्दशा झाली, तिच्याविषयी रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून अधिकाऱ्यांना धारेवर धरले. प्रकरण ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेले. गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी त्यांचे म्हणणे अवास्तव ठरवले. रमाबाईंच्या लेखणीला मात्र त्यामुळे काही मवाळपणा आला नाही. १८९१ च्या ‘भाविक’ रमाबाई सत्तेपुढे दीन झाल्या असत्या तर हे पत्र लिहिले गेले नसते. देवापुढचे वाकणे माणसापुढे ताठ उभे राहण्याच्या आड येत नाही. किंबहुना रमाबाईंच्या बाबतीत ते एकाच कण्याचे काम दिसते.

१९६० साली व्हॅलरी सेव्हिंग या अमेरिकन अभ्यासिकेने ‘द जर्नल ऑफ रिलिजन’मध्ये एक निबंध लिहिला. गर्व हे मूळ पाप आणि आत्मविसर्जन हा त्यावरचा उतारा, ही धर्मशास्त्राची मांडणी पुरुषांच्या अनुभवावर बेतलेली आहे, असे तिचे प्रतिपादन. स्त्रीचा मोह बहुधा उलटा असतो, स्वतःला उभेच न करण्याचा, दुसऱ्यांत विखरून जाण्याचा. तिला आणखी लीन हो म्हणणे म्हणजे रोगच औषध म्हणून देणे. हा निबंध स्त्रीवादी धर्मशास्त्रात पायाचा दगड मानला जातो. पण त्याच्या त्र्याहत्तर वर्षे आधी, १८८७ साली ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’मध्ये रमाबाईंनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या तीन गरजा सांगितल्या, आणि त्यांत पहिली आहे स्वावलंबन. शिक्षण दुसरे. वाँटेज-चेल्टनहॅमच्या वादातून बाहेर पडून दोन वर्षेही झाली नव्हती. ज्या बाईला ‘मी’ म्हणायची मुभाच नाही तिने कशाचा त्याग करायचा, हा प्रश्न त्यांना पुस्तकातून शिकावा लागला नाही. मात्र १८८२ च्या ‘स्त्रीधर्मनीती’त त्यांनीच पारंपरिक वळणाचा उपदेश केला होता. म्हणजे ही जाण त्यांनाही वाटेत आली.

इथपर्यंत रमाबाईंच्या बाजूने लिहिणे सोपे आहे. अवघड भाग केडगावला सुरू होतो. १८९६-९७ च्या दुष्काळानंतर मुक्तिसदन उभे राहिले आणि १९०० च्या सुमारास तिथे दीड-दोन हजार स्त्रिया व मुली होत्या. आता जेराल्डिनबाईंच्या खुर्चीत रमाबाई होत्या. १९०५ मध्ये मुक्तीत मोठे धर्मजागरण झाले. मुली ढसढसा रडल्या, पापांचे अंगीकार झाले, तासन्‌तास प्रार्थना चालल्या. मिशनच्या वृत्तान्तांत हे सारे आनंदाने नोंदले आहे. वाचताना मला मात्र सेव्हिंगचा प्रश्न सोडत नाही. मध्य प्रांतातल्या दुष्काळातून उचलून आणलेली, अन्नालाही महाग झालेली दहा-बारा वर्षांची पोर कोणता गर्व टाकत होती? आणि तिच्यापैकी एखादीने उठून, मला विवेकबुद्धी आहे, तुमच्या तोंडचा प्रत्येक शब्द मानायला मी बांधलेली नाही, असे म्हटले असते तर? रमाबाईंनी ते कसे ऐकले असते? मुक्तीतल्या साक्षी या दृष्टीने वाचण्याचे काम पुढे करण्यासारखे आहे. आश्रमातल्या मुलींची हजेरी, कपडे, जेवण, काम यांच्या नोंदींवर पुष्कळ लिहिले गेले. त्यांच्या नकारांवर फारसे नाही.

रमाबाईंच्या बाजूने एक मोठी गोष्ट नोंदवली पाहिजे. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर करण्यात घालवली. मुक्तीच्या छापखान्यात बायकाच खिळे जुळवत, छापत आणि बांधत. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, आणि संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. या भाषांतराची भाषा खेड्यातल्या बाईला कळावी म्हणून जाणीवपूर्वक साधी ठेवलेली आहे. प्रचलित भाषांतरांतले, मूर्तिपूजेचा वास येतो असे वाटणारे संस्कृत शब्द त्यांनी गाळले. क्रुसावर लॅटिनऐवजी संस्कृत हवे म्हणून भांडलेली ‘सरस्वती’ म्हातारपणी संस्कृतच खाली ठेवते. ज्या विद्येने पदवी दिली तीच विद्या केडगावच्या शेतावर काम करणाऱ्या बाईसाठी वेगळी काढून ठेवायची, हे ‘रिक्त’ होणे पौलाच्या अर्थाच्या अगदी जवळ जाते. साहित्यदृष्ट्या हे भाषांतर यशस्वी झाले असे मी म्हणणार नाही. मंडळ्यांनी ते फारसे स्वीकारले नाही, आणि शब्द गाळण्याच्या हट्टात मराठीची काही सहज वळणेही गेली. मंडळींचे मान्य भाषांतर हाती असताना एकटीने सबंध शास्त्र नव्याने उतरवायला घेणे, यात कोणाला पुन्हा तो जुना गर्वही दिसेल. मला दोन्ही दिसतात, आणि ते वेगळे काढता येतील असे वाटत नाही.

शेवटी पुन्हा संकलनाकडे. ही पत्रे आपल्याला मिळाली ती कोणामुळे? ज्या पत्रांत आपली कोंडी होते, आपले अधिकार आणि आपले लॅटिन यांच्यावर एक तरुण हिंदी विधवा बोट ठेवते, ती पत्रे जेराल्डिनबाईंनी फाडली नाहीत. क्रमवार लावली, टिपणे जोडली आणि जपून ठेवली. टिपणांत त्या आपली बाजू सोडत नाहीत. रमाबाईंच्या दोषांची उजळणी तिथेही आहे. पण उत्तरे शब्दशः शेजारी ठेवली आहेत, आणि वाचणाऱ्याने कोणाची बाजू घ्यावी हे त्यांच्या हातात राहिलेले नाही. साठएक वर्षांनी तो गठ्ठा पुण्या-मुंबईच्या वाचकांपुढे आला तेव्हा बहुतेकांनी रमाबाईंची बाजू घेतली. ‘आजीबाई’ या संबोधनाने सुरू होणारी पत्रेही त्या गठ्ठ्यात आहेत.